बगळेवाली बाटली

दयानारायण माथुर यांना खाजगी दारूच्या दुकानाविरुद्धचं आंदोलन जिंकल्याबद्दल हार घातला गेला, आणि त्याच संध्याकाळी त्यांना त्याच दुकानातल्या बाटल्यांची गरज पडली.

हार झेंडूचा होता आणि तो पहिल्या मजल्यावरच्या भसीनने घातला. नवनीत अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये सतरंजी अंथरली होती, समोसे गरम होते, आणि सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून माथुर मधल्या खुर्चीत बसले होते, म्हणजे बसायचा प्रयत्न करत होते. एका जागी बसणं त्यांच्या प्रकृतीतच नव्हतं. ते एका सरकारी खात्यात अधीक्षक होते, आणि तिथली त्यांची खुर्ची इतरांच्या खुर्च्यांपेक्षा कमी झिजलेली होती. एखादं काम डोक्यात शिरलं की ते होईपर्यंत माथुर घरात, गच्चीवर, जिन्यात, मिळेल तिथे चालत राहत. बायको मृदुला चहा झाला की कप घेऊन आधी दाराशी कानोसा घेई, की पावलं वर वाजतायत की खाली.

त्या दुकानाची हकिगत अशी. आमच्या दिल्लीतल्या पटपडगंजात सरकारी दारूचं दुकान वर्षानुवर्षं होतंच. बाजाराच्या पाठीमागे, नाल्याच्या कडेला, लोखंडी जाळीचं. त्याला कुणी कधी हरकत घेतली नाही, कारण हरकत घ्यायची तर ते दुकान आपण पाहिलंय हे कबूल करावं लागलं असतं. मग धोरण बदललं, सरकारी दुकानं बंद झाली, आणि आमच्या सोसायटीच्या अगदी गेटासमोर एक खाजगी दुकान उघडलं. काचेच्या भिंती, आत थंडगार हवा, मंद गाणी, टाय लावलेली मुलं, आणि फळीवर बाटल्या अशा मांडलेल्या की जणू सराफाकडचे हार. नवरात्रात देवळावर लावतात तेवढी रोषणाई तिथे रोजची. मुलांच्या शाळेची बस नेमकी त्या काचेसमोर थांबे. तेव्हा सोसायटीने धरणं धरायचं ठरवलं, आणि धरणं म्हणजे उठबस, फेऱ्या, निवेदनं, म्हणजे माथुर. माईक हातात आल्यावर त्यांनी साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं की या दुकानाच्या पायरीला ज्या दिवशी माझा पाय लागेल त्या दिवशी मला दयानारायण म्हणू नका.

पुढे सरकारचं मन सरकारनेच बदललं. खाजगीवाल्यांनी उरलेला माल विकून गाशा गुंडाळावा, आणि सरकारी दुकानं पुन्हा सुरू व्हावीत, असा हुकूम निघाला. हुकूम अख्ख्या शहरासाठी होता, पण नवनीत अपार्टमेंटमध्ये सर्वांचं एकमत झालं की हे माथुरांच्या माईकमुळे झालं. माथुरांना ते पटलं नव्हतं असं म्हणता येणार नाही.

तर हार गळ्यात होता तेव्हाच कानपूरहून फोन आला. माथुरांची मुलगी पारुल हिचं लग्न कानपूरच्या हरिमोहन निगम यांच्या मुलाशी ठरत आलं होतं आणि श्राद्धपक्ष लागायच्या आत सगाई, म्हणजे साखरपुडा, उरकायची होती. निगम पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मोजून बोलणारे गृहस्थ. हॉल सोसायटीचाच चालेल, जेवण साधं चालेल, देण्याघेण्याचं तर नावच नको, असं सगळं ते म्हणाले. फोन ठेवता ठेवता मात्र त्यांनी जोडलं, "बाकी संध्याकाळी बसायचं झालंच, तर ती रॉयल हेरॉन असेलच."

माथुर म्हणाले, अर्थात.

रॉयल हेरॉन म्हणजे लेबलावर एका पायावर उभा असलेला बगळा असलेली व्हिस्की. माथुर स्वतः होळीला एक आणि दिवाळीला एक, एवढेच पेग घेत, तेही सरकारी दुकानातून आणलेल्या स्वस्त रमचे. त्यात सरकारवरची निष्ठाच अधिक असे. पण ते कायस्थ होते. आमच्याकडे कायस्थांच्या सगाईत पूजा कुणी सांगितली हे दुसऱ्या दिवशी लोक विसरतात आणि ग्लासात काय होतं ते नातवंडांना सांगतात. वरबापाने तोंडाने नाव घेऊन मागितलेली एकच गोष्ट, आणि ती नाही, हे कसं चालेल?

बगळा तर समोरच होता. खाजगी दुकानाने काचेवर भला मोठा कागद लावला होता, एकावर एक फुकट, आणि कागदाखाली रॉयल हेरॉनचा मनोराच रचला होता. माथुरांना तो त्यांच्या बाल्कनीतून दिसे. त्या रात्री जेवताना मृदुलाने सरळ विचारलं की समोर आहे तर समोरूनच आणायला काय हरकत आहे. माथुर ताटावरून उठले आणि चालायला लागले. चालता चालता त्यांनी सांगितलं की महिनाअखेरीस आपलं सरकारी दुकान सुरू होतंय, तिथे हवं ते मिळेल, आणि सरकारी शिक्क्याचं मिळेल. मृदुला म्हणाली की तिथे वीस वर्षांत कुणाला हवं ते मिळाल्याचं तिने ऐकलेलं नाही. माथुर गच्चीवर गेले.

सल्ला द्यायला भसीन होताच. त्याचं बाथरूमच्या नळांचं दुकान होतं, आणि आंदोलनात सर्वांत मोठा फलक त्याच्याच हातात असे. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्याने माथुरांना बाजूला घेऊन हळूच विचारलं की भाईसाहेब, तुमचा पलंग पेटीचा आहे की साधा. पेटीचा असेल तर आताच भरून घ्या, असा भाव पुन्हा यायचा नाही. त्याचे स्वतःचे दोन्ही पलंग भरून झाले होते आणि बायको आता रजया कुठे ठेवू म्हणून भांडत होती. माथुरांच्या लक्षात यायला वेळ लागला की धरण्याला बसलेली जवळजवळ सगळीच मंडळी मागच्या दाराने त्याच दुकानात जाऊन आली आहेत. नाव बदलायचं संकट आलं होतं ते फक्त त्यांच्यावर.

भसीनलाच दोन खोकी आणायला सांगता आलं असतं. पण त्याच भसीनला माथुरांनी सेक्रेटरी म्हणून बाल्कनी बंदिस्त केल्याबद्दल नोटीस धाडली होती, आणि नोटिशीवर दारू मागवण्याइतकं धैर्य त्यांच्यात नव्हतं.

शेवटी खाजगी दुकानाचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा माथुरांचा धीर सुटला. तोंडाला मास्क, डोक्याला माकडटोपी, ऑगस्टाच्या उकाड्यात अंगात जाकीट, असे ते संध्याकाळी निघाले, आणि गेटासमोरचं दुकान गेटातून न गाठता मागच्या गल्लीतून, बाजाराला वळसा घालून, पलीकडच्या बाजूने गाठलं. पायरीपाशी ते थबकले. मग पायरीला पाय न लावता ती ओलांडून थेट फरशीवर गेले. शब्द म्हणजे शब्द.

आत त्यांनी आवाज बदलून रॉयल हेरॉन मागितली. टायवाल्या मुलाने मान वर केली, त्याचे डोळे चमकले, आणि तो मोठ्या आदराने म्हणाला, "या सेक्रेटरीसाहेब. तीन महिने माईकवर ऐकतोय, हा आवाज विसरेन का मी?"

त्याच्या बोलण्यात टिंगल नव्हती, हेच जास्त लागलं. त्याने माथुरांना खुर्ची दिली, गार पाणी दिलं, मालकाला आतून बोलावलं. मालक हात जोडून म्हणाला की आपण आमच्या विरोधात बोललात पण सभ्य भाषेत बोललात, आज शेवटच्या दिवशी आपल्यासोबत एक फोटो काढून घेऊ, आठवण राहील. तीन टायवाली मुलं माथुरांच्या मागे उभीही राहिली. एकाने त्यांच्या हातात बगळेवाली बाटली दिली आणि लेबल जरा पुढे करा म्हणाला. माथुरांनी बाटली काउंटरवर ठेवली आणि ते आले तसे, पायरी ओलांडून, बाहेर पडले. घामाने जाकीट निथळत होतं. मागून तो मुलगा काळजीने ओरडत होता की सर, पैसे राहू द्या, पण बाटली तरी न्या.

सकाळी काचेवर कुलूप आणि त्याच्यावर लाखेचा सरकारी शिक्का होता.

तर आता सगळी भिस्त सरकारवर. नाल्याकडेचं दुकान उघडलं. जाळी तीच, तिला नुसता निळा रंग लावलेला. हे दुकान एका महामंडळाचं होतं, आणि दिल्लीत महामंडळाला निगम म्हणतात. दुकानही निगमाचं आणि व्याहीही निगम, म्हणजे माथुरांच्या राशीलाच निगम बसले होते. जाळीआड राठी नावाचे व्यवस्थापक होते. कुठल्याशा बियाणं खात्यातून त्यांना इथे पाठवलं होतं आणि त्याचं दुःख ते लपवत नसत. माथुरांनी रॉयल हेरॉन मागितली तेव्हा राठींनी मागच्या फळ्यांकडे हात केला. फळ्यांवर वरपासून खालपर्यंत सम्राट नंबर वन नावाची एकच व्हिस्की होती. मुकुट घातलेल्या मिशीवाल्या सम्राटाची शेकडो तोंडं माथुरांकडे पाहत होती.

"हेरॉन प्रक्रियेत आहे," राठी म्हणाले.

हे वाक्य माथुरांच्या चांगलं ओळखीचं होतं. गेली तीस वर्षं ते स्वतःच रोज ते खिडकीतून बाहेर बोलत आले होते, पण ते बाहेरून आत ऐकू आलं की कसं लागतं याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी विचारलं, कधीपर्यंत. राठी म्हणाले, चौकशी करत राहा.

माथुर चौकशी करत राहिले. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते रांगेत उभे राहत, कारण माल आला आणि आपण मागे असलो तर काय, हा विचार त्यांना झोपू देत नसे. रांगेत हात कापणारे म्हातारे, रंगारी, रात्रपाळी करून आलेले पहारेकरी असत. ते माथुरांना जागा देत. रोज राठी मान हलवत आणि माथुर रिकामी पिशवी घेऊन परत फिरत. एके दिवशी राठींनी नवीनच सांगितलं, की कार्यक्रमासाठी जास्त बाटल्या हव्या असतील तर एका दिवसाचा परवाना लागेल, आणि परवान्याला हॉलच्या व्यवस्थापनाचं ना-हरकत पत्र. हॉल सोसायटीचा, आणि सोसायटीचे सेक्रेटरी माथुर. घरी येऊन त्यांनी स्वतःला उद्देशून अर्ज लिहिला, तो स्वतःकडे सादर केला, आणि सवयीने विचाराधीन म्हणून कपाटात ठेवून दिला. मंजुरीसाठी मृदुलाला दोनदा आठवण करून द्यावी लागली.

या धावपळीत त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. आंदोलनाचा नेता म्हणून सगाईत दारू असणार हे त्यांनी सोसायटीत कुणाला सांगितलं नव्हतं. पडद्याआड एक टेबल टाकू, मग बघू, असा त्यांचा बेत होता. आणि चौथ्या मजल्यावरच्या टिक्कूबाईंच्या मागच्या बाल्कनीतून नाला, निळी जाळी आणि रांग स्वच्छ दिसत असे.

आधी योगवर्गाच्या बाईंनी मृदुलाला गाठून सांगितलं की सकाळी अनशापोटी ओव्याचं पाणी दिलं तर ओढ कमी होते. मृदुलाला वाटलं गॅसेसबद्दल बोलतायत, तिने आभार मानले. मग भसीन आला. सोफ्याच्या कडेवर बसून त्याने बराच वेळ गुडघ्यांवरून हात फिरवले आणि माथुरांना सांगितलं की कर्नालला त्याच्या मामेभावाला एका ठिकाणी ठेवलं होतं, फार चांगली माणसं आहेत, कुणाला कळूही देत नाहीत. लपून घेणं वाईट भाईसाहेब, आमच्यात बसून घेतली असती. दोन पलंग दारूवर झोपणाऱ्या माणसाने आपल्याला असा उपदेश करावा याचा माथुरांना धक्काच बसला. त्यांनी खुलासा केला नाही. त्यांचं म्हणणं असं की ज्याने आपल्याला हार घातला त्याला आपण खुलासा द्यायचा नसतो. ते उठले आणि चालायला लागले. भसीनने मृदुलाकडे अर्थपूर्ण पाहिलं, म्हणजे बघा भाभीजी, अंगाला कंप सुटलाय.

शेवटी टिक्कूबाई स्वतः आल्या, कमलकाकडीची भाजी घेऊन. आमच्याकडे मोठ्या दुःखाच्या प्रसंगी शेजारी भाजी घेऊन येतात. मृदुलाचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या की रोज, उघडायच्या आधी, पहिला नंबर. मग सहज जोडलं की कानपूरला त्यांची मावसबहीण राहते, निगमांच्याच गल्लीत, आणि तिच्याशी बोलता बोलता विषय निघाला.

दार लावून मृदुला आत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. शाश्वतच्या, म्हणजे होणाऱ्या जावयाच्या, आईबद्दल तिने जे ऐकलं होतं ते असं, की कमलेश्वरी निगम यांनी एका मुलीचं स्थळ केवळ तिच्या काकांनी पूजेच्या वेळी तंबाखू मळली म्हणून परत केलं होतं. इथे तर बापच दारूच्या रांगेत पहिला.

पारुल ऑफिसातून आली तेव्हा आईबाप दोघंही जेवणाच्या टेबलाभोवती चालत होते. ती एका कंपनीत माणसं नेमण्या-काढण्याचं काम करत असे, त्यामुळे वाईट बातमी ऐकायची आणि सांगायची तिला सवय होती. तिने दोघांना बसवलं, सगळं ऐकलं, आणि शाश्वतला फोन लावला. शाश्वत म्हणाला की आई कालपासून बोलत नाहीये आणि बाबूजी गप्प आहेत, पण बाबूजी नेहमीच गप्प असतात त्यामुळे काही कळत नाही.

"पापा, तुम्ही मला सांगितलं का नाही?" पारुलने विचारलं.

माथुर म्हणाले, "तुझ्या सासऱ्याने आयुष्यात एक गोष्ट मागितली. तेवढीही माझ्याच्याने होत नाही हे तुला कसं सांगू?"

पारुलने फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली की उद्या रांगेत मी उभी राहते. माथुर ताडकन उठले. सगाईच्या आदल्या दिवशी नवरी दारूच्या दुकानात, हे ऐकूनच त्यांच्या पायांनी गच्चीची वाट धरली. पण पारुलने दुकानाची पाटी त्यांच्यापेक्षा नीट वाचली होती. निळ्या जाळीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, महिलांसाठी स्वतंत्र रांग. तिथे कधी कुणी उभं राहिलेलं नव्हतं. तिथे एक पिवळं कुत्रं झोपत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारुल त्या कुत्र्याला ओलांडून जाळीसमोर उभी राहिली आणि पुरुषांच्या रांगेची धांदल उडाली. म्हाताऱ्यांनी विड्या विझवल्या, एकाने सदऱ्याची वरची गुंडी लावली. माथुर पलीकडे रसाच्या गाडीपाशी पिशवी घेऊन उभे होते आणि मोसंबी दाबून दाबून बघत होते. राठींनी खिडकी उघडली, समोर बाई पाहून पुन्हा बंद केली, आणि केसांना पाणी लावून पुन्हा उघडली.

त्याच वेळी नाल्याच्या पुलावर एक ऑटो थांबली आणि तिच्यातून हातात छोटी बॅग घेतलेले हरिमोहन निगम उतरले.

ते संध्याकाळी सहकुटुंब यायचे होते. सकाळच्या गाडीने एकटेच का आले हे कुणी सांगायची गरज नव्हती. माथुरांच्या हातातलं मोसंबं खाली पडलं. निगम रांगेकडे पाहत, एकेक पुरुषाचा चेहरा निरखत, सावकाश पुढे आले, आणि त्यांना माथुर दिसले नाहीत, दिसली ती होणारी सून.

पारुलने डोक्यावर ओढणी घेतली आणि तिथेच, रांगेत, वाकून त्यांच्या पायांना हात लावला. निगमांचा हात सवयीने आशीर्वादाला वर गेला आणि मध्येच थांबला.

"बेटी, तू इथे काय करतेस?"

"तुमच्यासाठी उभी आहे, बाबूजी. पापा रोज उभे राहिले, त्यांना नाही मिळाली. म्हटलं आज मी बघते."

"माझ्यासाठी?"

"तुम्हाला रॉयल हेरॉनच लागते ना? तुम्हीच म्हणालात फोनवर."

निगमांनी जाळीकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं. तोवर माथुर रस्ता ओलांडून आले होते. निगमांनी बॅग खाली ठेवली आणि प्रथमच एका दमात पुष्कळ बोलले. म्हणाले, मला डॉक्टरांनी केव्हाच बंद केलीय, मी कशाला मागू? मुलगी बघायला आलो होतो तेव्हा तुमच्या बैठकीत, टीव्हीशेजारी, बगळ्याच्या बाटलीत मनी प्लांट लावलेलं पाहिलं. वाटलं, माथुरसाहेबांची आवड दिसते. म्हणून तुमच्या आवडीचं नाव घेतलं, की तुम्हाला बरं वाटेल.

ती बाटली मृदुलाने भसीनच्या भंगारातून उचलली होती, तिचा गळा बारीक आहे म्हणून.

माथुरांना हसावं की रडावं कळेना. निगम मात्र हसले नाहीत. ते अवघडून म्हणाले की आता स्पष्टच सांगतो, मी तुम्हाला बघायला आलोय. कानपुरात जे कानावर आलं ते खरं असेल तर शाश्वतच्या आईने मला शकुनाचा नारळ परत घेऊन यायला सांगितलंय. हे हेरॉनचं तुमची मुलगी सांगते ते पटतं. पण पटणं वेगळं आणि तिला जाऊन सांगणं वेगळं.

रांग आता उघडपणे ऐकत होती. एवढ्या लोकांसमोर आपली अब्रू अशी जाळीला टांगलेली माथुरांनी कधी पाहिली नव्हती. पण या खेपेला ते चालायला न लागता एका जागी उभे राहिले.

"निगमसाहेब, माझ्यात उणं असेल त्यासाठी हे लग्न मोडा, मी तोंड उघडणार नाही," ते म्हणाले. "पण जे मी केलंच नाही त्यासाठी माझ्या मुलीला परत करू नका."

तेव्हा जाळीआडून राठींनी घसा साफ केला. ते म्हणाले की मध्ये बोलतो, माफ करा, पण हे गृहस्थ रोज येतात आणि रोज रिकाम्या हाताने जातात. सम्राट देतो म्हटलं तर हात लावत नाहीत. दुकान उघडल्यापासून यांनी एक बाटली घेतलेली नाही, कारण यांना हवा तो माल मी आणलाच नाही. हवं तर शिक्का मारून लेखी देतो.

रांगेतल्या म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या. त्यांच्यातला एकजण म्हणाला की दारुडे आम्ही आहोत बाबूजी, आम्हाला दारुडा ओळखता येतो, हा नव्हे.

मी स्वतः सरकारी कारभाराबद्दल बरंवाईट पुष्कळ बोलत आलोय, पण हे नोंदवलंच पाहिजे की काचेच्या दुकानात माथुर रोज गेले असते तर रोज भरली पिशवी घेऊन आले असते आणि मग त्यांना कुणीही वाचवू शकलं नसतं. सरकारने माल ठेवला नाही म्हणून पारुलचं लग्न मोडता मोडता राहिलं.

निगमांनी लेखी घेतलं नाही. त्यांनी राठींना विचारलं की पाहुण्यांसाठी काय आहे, आणि सम्राट आहे म्हटल्यावर म्हणाले की मग सम्राट द्या. महिलांच्या रांगेत पारुल एकटीच असल्याने काम लगेच झालं. पिशवी माथुर उचलणार होते, तर तिचा दुसरा बंद निगमांनी धरला. दोघं होणारे व्याही दिवसाढवळ्या बाजारातून खणखणती पिशवी दोन्हीकडून धरून नवनीत अपार्टमेंटच्या गेटातून आत आले. भसीनने ते पाहिलं आणि जिन्यातच तो बाजूला होऊन उभा राहिला, वरात जाताना राहतात तसा.

सगाई झाली. पडदा लावला नाही. सम्राट नंबर वन घशाला किती जाळतो याची चर्चा करत पाहुण्यांनी तो संपवला. भसीनने एका रजईत गुंडाळून दोन बगळे आणून दिले, आणि बाल्कनीच्या नोटिशीचं काय झालं असं हळूच विचारलं. माथुर म्हणाले, प्रक्रियेत आहे. कमलेश्वरी निगम आल्यापासून पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. नवऱ्याने सगळं सांगितलं होतं, पण पटलं की नाही ते चेहऱ्यावर उमटत नव्हतं. माथुर हॉलभर फिरत होते आणि दर फेरीला त्यांच्याजवळून जाताना पावलं हळू टाकत होते.

अंगठ्या घालून झाल्यावर कमलेश्वरींनी पारुलला शेजारी बसवून घेतलं. तिचा पदर सारखा केला, बांगड्या बघितल्या. मग, नेमके माथुर मागून जात असताना, त्यांनी आवाज खाली आणला.

"बायकांची रांग खरंच वेगळी असते?"

"हो, मम्मीजी. कुणी नसतंच तिथे."

"माझ्या गुडघ्यांना चोळायला ब्रँडी लागते," कमलेश्वरी म्हणाल्या. "तीस वर्षं ह्यांना सांगते, आणि हे दर वेळी सांगतात मिळाली नाही. यांना दुकानात जायची लाज वाटते. उद्या गाडी दुपारची आहे. सकाळी मला घेऊन चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी निळ्या जाळीसमोर महिलांच्या रांगेत दोघीजणी उभ्या होत्या, एक रेशमी साडीत आणि एक मेंदीच्या हातांची. कुत्र्याने आपण होऊन जागा दिली होती. पलीकडे रसाच्या गाडीपाशी माथुर आणि निगम आपापल्या बाजूची पर्स छातीशी धरून उभे होते. निगमांनी विचारलं की अशा वेळी इथे काय करतात. माथुर म्हणाले, मोसंबी बघतात. मग दोघेही मोसंबी बघू लागले.

चौथ्या मजल्यावर टिक्कूबाई मागच्या बाल्कनीत आल्या. त्यांनी खाली पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं, आणि घाईघाईने कानपूरचा नंबर लावला. मग घंटी वाजत असतानाच, ही बातमी आता नेमकी कुणाच्या कानावर घालायची हे न सुचून, त्यांनी फोन ठेवून दिला.